दहा नंबरचा पाना

रविवारी मी कुणाच्या दाढेला हात लावत नाही.
उजाडायच्या आत कराडच्या धावपट्टीवर जाते,
पंखांवरची काजळी पुसते.
गळीत सुरू झालं की हँगरच्या फटींतूनही येतात
जळक्या पाचटाचे लांबट काळे धागे;
बोट लावलं की नुसता डाग.

दोन माणसांचं विमान. रिकामं तीनशे किलो.
दस्तगीरचाचा म्हणतात, वारुंजीतली कुठलीही म्हैस याहून भारी,
आणि म्हैस लाथ मारायच्या आधी कळवते.

बावीस वर्षं ग्लायडरांच्या हँगरात काढून
चाचा गावी परतले ते दोन चष्मे आणि एक पेटी घेऊन.
पेटीत काळा फोम, फोममध्ये प्रत्येक पान्याचं
त्याच्या मापाचं घर कोरलेलं.
काल संध्याकाळी पन्नास तासांचं काम उरकलं:
ऑइल, फिल्टर, प्लग,
तारेने आवळलेले नट, तारेचं टोक आत वळवलेलं,
पुढच्या खेपेला कुणाचं बोट फाटू नये म्हणून.
आज पेटी उघडली तर
दहा नंबरचं घर रिकामं.
दात काढल्यावर जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते,
तशी माझी नजर.

"गावंस्तवर चावी माझ्या खिशात," चाचा म्हणाले.

शालन नवे बूट घालून आली होती.
नऊ वर्षं माझ्या दवाखान्यात ती पेशंटांना
"घाबरू नका" सांगते. आज तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.
आगाशिवाच्या पल्याड, माहेरच्या पत्र्यावर
तिने भावाला पिवळी चादर अंथरायला लावली होती,
वरून ओळखू यावं म्हणून.

पुन्हा सगळी झाकणं उघडली.
दवाखान्यातला लांब दांड्याचा आरसा माझ्या पिशवीत असतोच;
तो इंजिनामागे सरकवला,
अक्कलदाढेमागे सरकवते तसा.
एक क्लिप, घट्ट.
एक नळी, कोरडी.
दोन रुपयांचं नाणं, कुणाचं ठाऊक नाही.
आणि पंखाखाली, वेग मोजणाऱ्या नळीच्या तोंडाशी
कुंभारीण माशीने रातोरात लिंपलेली माती.
त्या नळीची टोपी काल मीच लावायची विसरले होते.

पाना हरवला नसता तर ही माती मला दिसली असती का?
असती, बहुधा. यादीत आहे ती, अकराव्या ओळीला.
"बहुधा" हा शब्द मी चाचांसमोर उच्चारला नाही.
दाभणाने माती काढत बसले.
आत एक हिरवी अळी होती, कुणाच्या तरी पोरांसाठी साठवलेली.

अकरा वाजले. डांबर तापलं.
विंडसॉक आडवा होऊन पट्टीच्या आरपार बोट दाखवू लागला.
एक घार पंखही न हलवता
फुकट वर चढत होती.

पाना शालनला सापडला.
पत्र्याच्या डब्यात, कालच्या वर्तमानपत्रात,
चाचांनी लोखंडाचा कीस बघायला कापलेल्या
जुन्या फिल्टरसोबत गुंडाळलेला.
चाचांनी दोन्ही कान पकडले,
मग तो पाना तीन वेळा पुसला.
"चला की मग," शालन म्हणाली.
मी विंडसॉककडे बोट केलं.

ती बराच वेळ बोलली नाही.
मग भावाला फोन: "काढ ती चादर.
न्हाई. सांगते नंतर."

लॉगबुकात काय लिहायचं असतं अशा दिवशी?
उड्डाण शून्य. चाचांनी सही केली,
तारखेखाली रेघ ओढताना त्यांचा हात किंचित थरथरला,
तो मी पाहिला नाही असं दोघांनी ठरवलं.

विमान आत ढकललं, दोर बांधले.
शालन बूट काढून कॉकपिटमध्ये जाऊन बसली.
मी म्हटलं, दांडा डावीकडे घे. हळू. आता पंखाकडे बघ.
तिने घेतला. पंखाच्या टोकाची फळी
चाचांच्या तळहातातून सुटून उचलली गेली.
"वर गेलं!" ती ओरडली.
"जाऊ दे," चाचा म्हणाले, "खालनं बांधलंय."